प्रौढ मेंदूतल्या मायक्रोग्लिया कुठून भरून निघतात?

प्रश्न असा आहे: प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया (मेंदूतच राहणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) वर्षभर टिकतात त्या कशा? मेलेल्या पेशींची जागा रक्तातल्या मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घेतात का? सीएसएफ१आर रोधक (मायक्रोग्लियांना जगायला लागणारा संदेश अडवणारं औषध) देऊन जवळजवळ सगळ्या मायक्रोग्लिया घालवल्या तरी औषध थांबवल्यावर दोन-तीन आठवड्यांत मेंदू पुन्हा भरलेला दिसतो, मग या नव्या पेशी कुठल्या? आणि माणसातही असंच घडतं का?

आधी थेट उत्तर देतो. निरोगी प्रौढ मेंदूत मायक्रोग्लिया स्वतःच विभागून आपली संख्या राखतात, रक्तातून त्यांच्यात जवळजवळ भर पडत नाही. औषधाने घालवल्यावर परत दिसणाऱ्या पेशीही वाचलेल्या मूठभर मायक्रोग्लियांचीच संतती असते. रक्तातल्या पेशी मेंदूच्या गाभ्यात (आवरणं आणि रक्तवाहिन्या वगळून उरणाऱ्या मूळ ऊतीत) कायमच्या वस्तीला येऊ शकतात, पण त्यासाठी दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: जागा रिकामी झालेली असावी आणि स्थानिक पेशींना ती वेळेत भरता येऊ नये. या विषयातले निम्मे वाद केवळ प्रयोगकर्त्याने दुसरी अट स्वतःच, नकळत, पुरी केल्यामुळे झाले आहेत.

आता उगमाकडे. पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये चांदीच्या रंजनाने या पेशी वेगळ्या दाखवल्या आणि त्या मेंदूच्या मूळ पेशीस्तरातून नव्हे तर बाहेरून येतात असं मांडलं. त्यावर पुढे अनेक दशकं रेंगाळलेला वाद २०१० मध्ये जिनू आणि मेराड यांच्या गटाने बराचसा मिटवला. गर्भाच्या साधारण सव्वासात-साडेसाताव्या दिवशी टॅमॉक्सिफेन (जनुकीय खूण चालू करणारं औषध) देऊन त्यांनी पीतककोशातल्या आद्य रक्तपेशींवर कायमची खूण केली आणि ती खूण प्रौढ मायक्रोग्लियांत सापडली. उंदराच्या गर्भात साडेनवव्या दिवसाच्या सुमारास या पेशी मेंदूत शिरतात. अस्थिमज्जा तेव्हा अस्तित्वातही नसते. जन्मानंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढते, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी शिखर गाठते आणि सहाव्या आठवड्यापर्यंत सुमारे निम्म्यावर येते. म्हणून 'प्रौढ' प्रयोगासाठी आठ आठवड्यांच्या आतला उंदीर घेऊ नये. मोजलेला बदल उपचाराचा की वाढीचा, हे नंतर सांगता येत नाही.

एक इशारा: हे सगळं उंदराचं झालं. झेब्राफिशमध्ये भ्रूणातल्या मायक्रोग्लिया प्रौढपणी मागे पडतात आणि रक्तस्कंधपेशींपासून (रक्तपेशी बनवणाऱ्या मूळपेशींपासून) आलेली दुसरी पिढी त्यांची जागा घेते. त्यामुळे माशातला निष्कर्ष थेट उंदरावर लादू नये, उंदरातला माशावरही नाही.

प्रौढ मेंदूत रक्तातून भर पडत नाही याचा सर्वांत भक्कम पुरावा पॅराबायोसिसचा आहे. दोन उंदरांचे रक्तप्रवाह शस्त्रक्रियेने जोडायचे, त्यातल्या एकाच्या पेशी हिरव्या चमकणाऱ्या असतात. महिनोन्‌महिने दोघांचं रक्त मिसळत राहतं, पण दुसऱ्याच्या मेंदूच्या गाभ्यात हिरवी मायक्रोग्लिया सापडत नाही. चेहऱ्याचा मज्जातंतू कापून मेंदूस्तंभात मायक्रोग्लियांची वाढ घडवली तरीही सापडत नाही. व्हँकुव्हरच्या रोस्सी गटाचं हे २००७ चं काम. त्यातलाच दुसरा भाग मला जास्त बोलका वाटतो, पण तो क्वचितच उद्धृत होतो. नुसता (अस्थिमज्जा मारणारा) किरणोत्सार दिला आणि जोडीदाराचं रक्त फिरतं ठेवलं, तरी भर पडली नाही. किरणोत्सार देऊन शिरेतून अस्थिमज्जेच्या पेशी टोचल्या तेव्हाच दात्याच्या पेशी मेंदूत दिसल्या. म्हणजे एरवी रक्तात फारशा न फिरणाऱ्या पूर्वजपेशी कृत्रिमरीत्या रक्तात सोडणं हाही त्या निकालाचा भाग होता. त्याच वर्षी मिल्डनर आणि प्रिंझ यांच्या गटाने डोक्यावर शिशाचं कवच ठेवून बाकी शरीराला किरणोत्सार दिला. रक्त पूर्ण बदललं, मेंदूत मात्र काही शिरलं नाही. तेव्हा 'अस्थिमज्जेच्या पेशी मेंदूत मायक्रोग्लिया बनल्या' असं कुठे वाचलंत तर सर्वांत आधी पद्धतींच्या विभागात जाऊन डोकं झाकलं होतं का ते बघा.

संख्या कोण राखतं? मुख्य दोर सीएसएफ१आर या ग्राहकाच्या (पेशीवरच्या, संदेश घेणाऱ्या प्रथिनाच्या) हातात आहे. त्याला दोन रेणू जोडले जातात. आयएल-३४ हा प्रामुख्याने मेंदूबाह्यक (मेंदूचा बाहेरचा थर, पुढे नुसतं 'बाह्यक'), हिप्पोकॅम्पस आणि स्ट्रायटम इथल्या चेतापेशी बनवतात, तर सीएसएफ१ चा वाटा लहान मेंदू आणि श्वेतद्रव्यात (चेतातंतूंच्या पांढऱ्या जुड्यांत) मोठा असतो. म्हणूनच आयएल-३४ नसलेल्या उंदरात बाह्यकातल्या मायक्रोग्लिया घटतात, पण लहान मेंदूतल्या बऱ्यापैकी शाबूत राहतात. सीएसएफ१आर पूर्ण काढला तर मायक्रोग्लिया जवळजवळ उरतच नाहीत. टीजीएफ-बीटा या दुसऱ्या संदेशरेणूचं काम वेगळं आहे. तो पेशी जगवण्यापेक्षा तिची ओळख राखतो. तो नसला की पी२आरवाय१२, टीएमईएम११९, सॅल१ अशा खुणा मावळतात आणि पेशी सर्वसाधारण मॅक्रोफेजसारखी (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशीसारखी) दिसू लागते. या दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. 'मायक्रोग्लिया कमी झाल्या' आणि 'मायक्रोग्लियांची खूण कमी झाली' हे दोन निष्कर्ष नेहमी एकमेकांत मिसळतात.

तिसरा नियम अंतराचा. प्रत्येक पेशीचा आपला टापू असतो आणि शेजारणीच्या टापूत ती सहसा घुसत नाही. एक मेली की जवळची विभागते. साउदॅम्प्टनच्या गोमेझ-निकोला गटाने २०१७ मध्ये दाखवलं की मृत्यू आणि विभाजन काळाने व जागेने एकमेकांना बांधलेले असतात. पेशींचा मृत्यू रोखणारं बीसीएल२ जादा असलेल्या उंदरांत मायक्रोग्लिया जास्त भरतात, म्हणजे मृत्यू हाही संख्येच्या नियंत्रणातला सक्रिय भाग आहे.

आता ज्यावर सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो मुद्दा: बदल किती वेगाने होतो? छापलेले आकडे एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. वरच्याच गटाच्या हिशेबाने उंदरात सगळ्या मायक्रोग्लिया साधारण ९६ दिवसांत एकदा बदलतात. त्याच वर्षी एकेका पेशीवर महिनोन्‌महिने दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शक रोखून बसलेल्या टूबिंगनच्या गटाला बाह्यकातल्या पेशींचं मध्यम आयुर्मान १५ महिन्यांहून बरंच जास्त मिळालं. रंगीबेरंगी वंशखुणा वापरून फ्रायबुर्गच्या गटाने घ्राणकंदासाठी (वासाशी संबंधित भागासाठी) सुमारे ८ महिने, हिप्पोकॅम्पससाठी १५ आणि बाह्यकासाठी ४१ महिने असा अंदाज दिला. उंदराचं आयुष्यच दोन-अडीच वर्षांचं, म्हणजे बाह्यकातल्या बऱ्याच पेशी एकदाही न बदलता उंदीर मरतो.

ही तफावत कशी येते ते एका हिशेबावर बघा. समजा बीआरडीयू या विभागणाऱ्या पेशींवर खूण करणाऱ्या रसायनाच्या एका टोचणीनंतर ०.७ टक्के मायक्रोग्लिया रंगल्या. बीआरडीयू डीएनए-संश्लेषणाच्या टप्प्यातल्या पेशींतच शिरतं. हा टप्पा १६ तासांचा धरला, तर पूर्ण संचाला लागणारा वेळ १ भागिले ०.००७ गुणिले १६ तास, म्हणजे साधारण २,२८६ तास, ९५ दिवस. टप्पा ८ तासांचा धरला तर तोच आकडा ४८ दिवसांवर येतो. ना उंदीर बदलला, ना कापाचं रंजन. बदललं ते फक्त गृहीतक. दुसरा दोष आणखी सूक्ष्म आहे. हा हिशेब सगळ्या पेशी सारख्याच शक्यतेने विभागतात असं धरतो. प्रत्यक्षात एक छोटा गट वारंवार विभागत असेल आणि नव्या लेकी लवकर मरत असतील, तर सरासरी वेगवान दिसते आणि जुन्या बहुसंख्य पेशी जागच्या जागी बसून असतात. उलट सूक्ष्मदर्शकाच्या खिडकीतून फक्त बाह्यकाचे वरचे थर दिसतात, घ्राणकंदातली धावपळ तिथे कळणारच नाही. माझं मत असं की बाह्यकापुरतं बोलायचं तर एकेक पेशी डोळ्यांनी पाठलाग करून काढलेल्या आकड्याला जास्त वजन द्यावं. पूर्ण मेंदूसाठी एकच आकडा सांगणं सोडून द्यावं.

काढून टाकून परत भरण्याकडे येऊ. पीएलएक्स५६२२ हे सीएसएफ१आर रोधक औषध खाद्यात प्रतिकिलो १,२०० मिलिग्रॅम मिसळून देतात. २५ ग्रॅमचा उंदीर दिवसाला ४ ग्रॅम खातो असं धरलं तर पोटात ४.८ मिलिग्रॅम जातं, म्हणजे शरीराच्या प्रतिकिलो वजनाला १९० मिलिग्रॅमच्या आसपास. एका आठवड्यात ९० टक्क्यांहून जास्त मायक्रोग्लिया जातात. जुनं पीएलएक्स३३९७ प्रतिकिलो खाद्यात २९० मिलिग्रॅम घालून तीन आठवडे दिलं जायचं. ते किट आणि फ्लट३ या ग्राहकांनाही रोखतं, त्यामुळे रक्तपेशींवरचा परिणाम वेगळा काढणं कठीण जातं. पीएलएक्स५६२२ जास्त नेमकं असलं तरी 'फक्त मायक्रोग्लियांवर काम करतं' हे वाक्य लिहू नका. यकृत, अस्थिमज्जा, फुप्फुस इथल्या मॅक्रोफेजवरही ते काम करतं.

इथे हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे नियंत्रण गटाचं खाद्य. औषध सहसा एआयएन-७६ए या शुद्ध घटकांच्या खाद्यात मिसळलेलं येतं. नियंत्रण गटाला प्राणीगृहातलं नेहमीचं खाद्य दिलं तर दोन्ही गटांत तंतूचं प्रमाण वेगळं पडतं, आतड्यातले जीवाणू बदलतात, आणि आतड्यातल्या जीवाणूंचा मायक्रोग्लियांच्या परिपक्वतेवर परिणाम होतो हे २०१५ पासून माहीत आहे. नियंत्रण गटालाही तेच खाद्य, फक्त औषधाविना, द्या. शक्य असेल तर दोन्ही गटांना आधीचा आठवडाभर औषधाविनाच त्या खाद्यावर ठेवा. पिंजऱ्यातलं खाद्य दर दोन दिवसांनी तोला. नवं खाद्य न आवडल्याने उंदीर कमी खातात आणि मग 'औषध लागू पडलं नाही' असा निष्कर्ष निघतो.

औषध थांबवल्यावर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास मोठ्या शरीराच्या, आखूड-जाड फांद्यांच्या पेशी दिसू लागतात. पहिल्या आठवड्यात त्या झुबक्यांनी असतात, मग पांगतात, आणि दोन-तीन आठवड्यांत घनता पूर्ववत होते. फांद्यांची नाजूक रचना परतायला त्याहून जास्त वेळ लागतो. किम ग्रीन यांच्या गटाने २०१४ मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा नव्या पेशींत नेस्टिन (सहसा पूर्वजपेशींत दिसणारं प्रथिन) सापडलं आणि मेंदूत कुठेतरी मायक्रोग्लियांच्या पूर्वजपेशी दडलेल्या असाव्यात असा तर्क पुढे आला. तर्क आकर्षक होता, पण टिकला नाही. बो पेंग यांच्या गटाने २०१८ मध्ये वंशखुणा करून दाखवलं की नेस्टिन नव्या मायक्रोग्लियात तात्पुरतं उमटतं, त्या पेशी नेस्टिनवाल्या पूर्वजांपासून आलेल्या नसतात. वाचलेल्या एक टक्क्याहून कमी मायक्रोग्लियांनीच सगळा मेंदू भरला. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं हे आहे. स्थानिक पेशी आतच असतात, बाहेरच्यांना दार गाठेपर्यंत जागा गेलेली असते.

मात्र घालवण्याची तीव्रता वाढवली की चित्र पालटतं. फार मोठ्या मात्रेने जवळजवळ एकही पेशी शिल्लक ठेवली नाही तर भरणा सगळीकडे एकदम होत नाही. मेंदूतल्या विवरांलगतच्या भागातून आणि श्वेतद्रव्यातून लाट यावी तशा पेशी पसरत जातात. मोजणी फक्त बाह्यकात केली तर 'भरणा फसला' असं वाटेल, म्हणून कॉर्पस कॅलोसमचे (मेंदूचे दोन भाग जोडणाऱ्या श्वेतद्रव्याच्या पट्ट्याचे) कापही ठेवा. ७ दिवस औषध, ७ दिवस विश्रांती अशा फेऱ्या लागोपाठ केल्यावर तिसऱ्या फेरीत भरणा अपुरा पडल्याचंही दिसलं आहे, म्हणजे विभाजनक्षमता अमर्याद नाही. आणि डिफ्थेरिया विषाच्या जनुकीय युक्तीने मायक्रोग्लिया मारल्या तेव्हा कारोलिन्स्का संस्थेतल्या एका गटाला २०१८ मध्ये किरणोत्साराशिवायही रक्तातून आलेल्या पेशी स्थानिक पेशींच्या जोडीला वस्ती करताना सापडल्या. 'किरणोत्साराशिवाय अशक्य' असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. निर्णायक आहे ती स्थानिक पेशींची माघार. किरणोत्सार हा ती घडवण्याचा एक मार्ग.

स्वतः प्रयोग करणार असाल तर खुणेची निवड आधी ठरवा. सीएक्स३सीआर१-क्रीईआर उंदराला (ज्याच्या मायक्रोग्लिया व मोनोसाइटमध्ये टॅमॉक्सिफेनने कायमची खूण चालू करता येते) ४ मिलिग्रॅम टॅमॉक्सिफेन मक्याच्या तेलात, ४८ तासांच्या अंतराने दोनदा, कातडीखाली द्यायची रीत रूढ आहे. त्यानंतर किमान चार आठवडे, माझ्या मते सहा, थांबायचं. यामागचं तर्कशास्त्र साधं आहे: खूण मोनोसाइटनाही लागते, पण त्यांचं आयुष्य दिवसांत मोजायचं असतं, त्यामुळे अस्थिमज्जेतून आलेल्या बिनखुणेच्या पेशी त्यांना हटवतात आणि मायक्रोग्लियांत खूण टिकून राहते. घालवण्याचा टप्पा सुरू करण्याआधी शेपटीतून रक्त घेऊन फ्लो सायटोमेट्रीने (एकेक पेशी प्रकाशातून नेऊन तिच्या खुणा मोजण्याच्या पद्धतीने) लाय६सी-उच्च या गटातल्या मोनोसाइटमध्ये खूण खरोखर नाहीशी झाली का ते तपासा. हा तपास वगळला तर पुढचं सगळं वादग्रस्त ठरतं. टॅमॉक्सिफेन न दिलेला एक उंदीर प्रत्येक तुकडीत ठेवा, कारण हे क्री काही रिपोर्टर (खूण चमकवणाऱ्या) उंदरांसोबत गळतं, म्हणजे टॅमॉक्सिफेनशिवायच खूण चालू करतं.

एवढं करूनही एक अडचण राहतेच. मेंदूच्या कडेचे मॅक्रोफेज, म्हणजे मेंदूभोवतीच्या मऊ आवरणातले आणि रक्तवाहिन्यांलगतचे, हेही सीएक्स३सीआर१ दाखवतात, दीर्घायुषी असतात आणि खूण जपतात. तेही गर्भकाळातच आलेले असतात आणि रक्तातून फारसे बदलत नाहीत. कोरॉइड जाळं (मेंदूतला द्रव बनवणारा भाग) आणि बाहेरचं जाड आवरण इथे मात्र मोनोसाइटची भर सतत पडते. शिवाय कवटीच्या अस्थिमज्जेतून सूक्ष्म वाहिन्यांनी थेट आवरणात पेशी उतरतात हे २०१८ ते २०२१ या काळात स्पष्ट झालं. म्हणून कवटी उघडून मेंदू काढताना आवरण नीट सोलून वेगळं करा. आवरणाचा तुकडा चिकटून राहिला आणि पूर्ण मेंदू कुस्करला, तर तुमच्या 'मेंदूतल्या' मोनोसाइट आवरणातल्या असण्याची शक्यता दाट. कडेच्या मॅक्रोफेजसाठी सीडी२०६ आणि लायव्ह१ या खुणा लावा, गाभ्यासाठी पी२आरवाय१२ आणि टीएमईएम११९. या दोघांतही दिसणाऱ्या नुसत्या आयबीए१ या खुणेवर कुणाचा वंश ठरत नाही. आणि भरण्याच्या पहिल्या आठवड्यात टीएमईएम११९ कमी दिसलं म्हणून पेशी रक्तातून आली असंही ठरत नाही, नव्या पेशीत ही खूण उशिरा चढते.

बाकी तपशील पटकन सांगतो. हृदयातून थंड फॉस्फेट-क्षाराचं द्रावण २०-३० मिलिलिटर सोडून रक्त पूर्ण धुतल्याशिवाय ऊती घेऊ नका. बीआरडीयूसाठी दोन नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ३७ अंशांवर अर्धा तास लागतं आणि ते काही प्रतिपिंडांच्या जागा बिघडवतं. त्याऐवजी ईडीयू हे तशाच कामाचं रसायन वापरलं तर आम्ल टाळता येतं. रंगलेलं केंद्रक खरंच त्याच पेशीचं आहे का हे तीन दिशांच्या छेदांत बघा, कारण मायक्रोग्लिया चेतापेशींना अगदी चिकटून बसतात. फ्लो सायटोमेट्रीत 'सीडी४५ (पेशीवरचं एक प्रथिन) कमी म्हणजे मायक्रोग्लिया, जास्त म्हणजे मोनोसाइट' हा नियम फक्त शांत मेंदूत चालतो. दाहात मायक्रोग्लियांचं सीडी४५ वाढतं आणि स्थिरावलेल्या मोनोसाइटवंशी पेशींचं उतरतं. आरएनए काढायचं असेल तर ३७ अंशांवरची विकरांची पायरी टाळा किंवा त्यात ॲक्टिनोमायसिन-डीसारखे प्रतिलेखनरोधक (जनुकावरून आरएनए बनणं थांबवणारे) घाला, नाहीतर फॉस, जून ही ताणाला लगेच प्रतिसाद देणारी आणि दाहाची जनुकं बशीतच पेटतात आणि त्याला 'सक्रिय मायक्रोग्लिया' असं नाव पडतं.

माणसाकडे वळू. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेलं आणि १९६३ च्या करारानंतर घटत गेलेलं कार्बन-१४ डीएनएमध्ये किती उतरलं आहे यावरून पेशीची जन्मतारीख काढता येते. फ्रिसेन यांच्या गटाने २०१७ मध्ये या पद्धतीने मानवी मायक्रोग्लियांचं सरासरी वय ४.२ वर्षं काढलं. दर वर्षी सुमारे २८ टक्के पेशी नव्या होतात, आणि काही दोन दशकांहून जुन्या असतात. हे आकडे मुख्यतः बाह्यकाचे आहेत.

रक्तस्कंधपेशींचं रोपण हा माणसातला 'डोकं न झाकलेला' प्रयोग म्हणता येईल. लहान मुलांच्या ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीत (मेंदूचं श्वेतद्रव्य नष्ट करणाऱ्या आनुवंशिक आजारात) ते १९९० पासून यशस्वीपणे वापरलं गेलं आहे. यात रोपणाआधी दिलं जाणारं बुसल्फान हे औषध महत्त्वाचं, कारण ते रक्त-मेंदू अडथळा ओलांडून स्थानिक मायक्रोग्लियांची विभाजनक्षमता मोडतं. उंदरात बुसल्फानऐवजी ट्रिओसल्फान हे त्याच जातीचं औषध दिलं तेव्हा रक्त बदललं, पण मेंदूतली भर नीट झाली नाही. रक्तात दात्याच्या पेशी काही आठवड्यांत दिसतात, मेंदूत त्या पुरेशा जमायला बरेच महिने लागतात, आणि तोवर आजार पुढे सरकत राहतो. म्हणून एमआरआयवर बदल थोडे असतानाच रोपण करण्याचा आग्रह असतो. सुजाण पालकांना हे आधीच सांगायला हवं की रोपण 'लागलं' या बातमीनंतरही वर्षभर मुलाची अवस्था ढासळू शकते. मेंदूत बसलेल्या या पेशी पूर्ण मायक्रोग्लिया होत नाहीत. उंदरात त्यांच्यात सॅल१ उमटत नाही आणि एमएस४ए७, एपीओई या जनुकांचं प्रमाण वर राहतं. मात्र गहाळ प्रथिन पुरवणं एवढंच काम असेल तर तेवढ्याने भागतं.

वाढत्या वयात माणसाच्या मेंदूत रक्तातून थोडी भर पडते का, यावर एक पुरावा लक्षात घेण्याजोगा आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या जयस्वाल गटाने रक्तस्कंधपेशींत उत्परिवर्तन झालेल्या वृद्धांचे मेंदू तपासले. तपासलेल्यांपैकी बहुतेकांच्या मायक्रोग्लियायुक्त अंशात तेच उत्परिवर्तन मिळालं. ज्या पेशीत रक्ताची खूण आहे ती गर्भकाळात मेंदूत आलेली असू शकत नाही. पण मेंदूचा तो अंश केंद्रकं वेगळी करून मिळवलेला होता, त्यामुळे पेशी नेमक्या कुठे बसल्या होत्या, गाभ्यात की रक्तवाहिनीला लागून, हे त्यावरून ठरवता येत नाही. पॅराबायोसिसच्या तरुण उंदरांवरून वृद्ध माणसाबद्दल ठाम बोलणाऱ्यांनी तरी हा पुरावा वाचावाच.